ब्लड अगारवरचं भोक नेमकं कोणी पाडलं?

घशाच्या स्वॅबची ब्लड अगार प्लेट, म्हणजे जंतू वाढवायला रक्त मिसळून थिजवलेला अगार, सकाळी इन्क्युबेटरमधून बाहेर आली की डीएमएलटीची (लॅब टेक्निशियनच्या पदविकेची) मुलं ती ट्यूबलाइटकडे धरतात आणि पहिला प्रश्न एकच असतो: बीटा आहे का? कॉलनीभोवती, म्हणजे वाढलेल्या जंतूंच्या ठिपक्याभोवती, काच दिसावी तसा स्वच्छ झोन असेल तर बीटा, हिरवट असेल तर अल्फा, काहीच नसेल तर गॅमा. रजिस्टरमध्ये नोंद होते आणि काम पुढे सरकतं. खरं तर हेमोलिसिसची, म्हणजे तांबड्या पेशी फुटण्याची, ही तिन्ही नावं फक्त डोळ्यांना काय दिसलं तेवढंच सांगतात. तांबड्या पेशीचं पटल कोणी फाडलं, कसं फाडलं, की मुळात फाडलंच नाही, यातलं काहीच त्यांतून कळत नाही. आणि प्लेट वाचताना होणाऱ्या निम्म्या चुका तिथेच होतात.

नावांचा घोळ तर विचारू नका. स्टॅफिलोकॉकस ऑरिअस या जंतूचं अल्फा टॉक्सिन, म्हणजे त्याचं एक विष, प्लेटवर बीटा हेमोलिसिस दाखवतं. त्याच जंतूचं बीटा टॉक्सिन ३७ अंशांवर धड झोनसुद्धा देत नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जन्सचं अल्फा टॉक्सिन भोक पाडतच नाही, ते एक विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. टॉक्सिनची ग्रीक अक्षरं आणि हेमोलिसिसची ग्रीक अक्षरं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता पटलाकडे वळू. तांबड्या पेशीचं पटल म्हणजे मेदरेणूंचा दुहेरी थर, जाडी साधारण ५ नॅनोमीटर. दोन्ही थर सारखे नसतात. बाहेरच्या थरात फॉस्फॅटिडिलकोलीन आणि स्फिंगोमायलिन जास्त, आतल्या थरात फॉस्फॅटिडिलसेरीन आणि फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन. मधे कोलेस्टेरॉल दाटीवाटीने बसलेलं. टॉक्सिनच्या दृष्टीने यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे पकडायला एक खुंटी. कोणाला कोलेस्टेरॉल लागतं, कोणाला स्फिंगोमायलिन, कोणाला पटलातलं एखादं प्रथिन. म्हणूनच रक्त कोणत्या प्राण्याचं यावर झोन बदलतो. मेंढीच्या तांबड्या पेशीत फॉस्फॅटिडिलकोलीन जवळपास नसतंच आणि फॉस्फोलिपिडांपैकी निम्मा वाटा स्फिंगोमायलिनचा असतो. सशाच्या पेशी स्टॅफच्या अल्फा टॉक्सिनला इतक्या चटकन बळी पडतात की माणसाच्या पेशी त्यांच्यापुढे शेकडो पटींनी दणकट म्हणाव्या लागतील. कारण ते टॉक्सिन आधी एडॅम-१० नावाच्या पटलावरच्या प्रथिनाला धरतं आणि मग कामाला लागतं.

हे अल्फा टॉक्सिन भोक पाडणाऱ्यांचा आदर्श नमुना. जंतूतून बाहेर पडताना ते पाण्यात विरघळणारं, सुमारे ३३ किलोडाल्टनचं एकेकटं प्रथिन असतं. पटलावर बसल्यावर सात रेणू गोल करून एकमेकांना धरतात आणि प्रत्येक जण आपला एक पदर पटलात खुपसतो. १९९६ साली या सप्तकाची रचना उलगडली तेव्हा ती छत्रीसारख्या अळंबीची निघाली: वर टोपी, खाली चौदा पट्ट्यांचा पिंपासारखा दांडा, आणि आरपार नळी. या नळीचा सर्वांत अरुंद भाग दीड नॅनोमीटरच्या आसपास भरतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तोंडी परीक्षेत हमखास घोटाळा होतो. हिमोग्लोबिनचा रेणू साडेपाच-सहा नॅनोमीटरचा. तो या भोकातून बाहेर पडूच शकत नाही. मग प्लेट पारदर्शक कशी होते? भोकातून आधी पोटॅशियम बाहेर जातं, सोडियम आत येतं. आत अडकलेलं हिमोग्लोबिन पाणी ओढून घेतं, बाहेर तसं काही नसल्यामुळे तोल राहत नाही. पेशी फुगते, गोल होते आणि शेवटी टचकन फुटते. म्हणजे टॉक्सिन फक्त दार किलकिलं करतं, पेशी फोडतं ते पाणी. याचा पडताळा सोपा आहे: बाहेरच्या द्रवात भोकापेक्षा मोठे रेणू, उदाहरणार्थ डेक्स्ट्रान, पुरेशा प्रमाणात घातले तर दोन्ही बाजूंचा ताण जुळतो आणि भोक पडूनही पेशी फुटत नाही. रेणूचा आकार कमी करत गेलं की एका टप्प्यावर हे संरक्षण संपतं. तिथेच भोकाच्या रुंदीचा अंदाज येतो.

स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिसचं, म्हणजे ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकसचं, स्ट्रेप्टोलायसिन ओ मात्र वेगळ्याच मापाचं आहे. त्याला पटलात कोलेस्टेरॉल हवं. ते असलं की पस्तीस-चाळीस किंवा त्याहूनही जास्त रेणू कडं करून बसतात आणि २५ ते ३० नॅनोमीटरचं भगदाड पाडतात. कधीकधी कडं पूर्ण होत नाही, कमानीएवढंच राहतं, तरी पटल फाटतं. इथे हिमोग्लोबिन थेट बाहेर वाहतं. न्यूमोलायसिन, लिस्टेरिओलायसिन, परफ्रिन्गोलायसिन ही याचीच भावंडं.

कोलेस्टेरॉलचा हा खेळ कॉलेजच्या प्रयोगशाळेत जिवंत टॉक्सिनशिवाय दाखवता येतो, आणि तसाच दाखवावा असं आमचं स्पष्ट मत आहे. लागतो फक्त रिठा. दादरच्या कुठल्याही काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. रिठ्यातलं सॅपोनिन पटलातल्या कोलेस्टेरॉलला धरून तांबडी पेशी फोडतं. जंतूचं टॉक्सिन आणि सॅपोनिन यांची कामाची पद्धत एक नव्हे, पण खुंटी एकच.

बी काढून फक्त साल घ्या, १ ग्रॅम. १०० मिलि फॉस्फेट बफर सलाइनमध्ये, पीएच ७.४, रात्रभर भिजवा आणि गाळणकागदातून गाळा. हा झाला १ टक्क्याचा साठा. त्यातून सलाइनमध्येच दुप्पट-दुप्पट विरळ करत आठ-दहा नळ्या लावा, प्रत्येकीत १ मिलि. प्लेटा ओतून उरलेलं मेंढीचं डिफायब्रिनेटेड (गोठवणारं फायब्रिन काढून टाकलेलं) रक्त सलाइनने तीनदा धुवा, दर खेपेला २००० आरपीएमवर ५ मिनिटं. वरचं पाणी गुलाबी असेतो धुत राहा. चौथ्या धुण्यालाही गुलाबी आलं तर ते रक्त शिळं आहे, टाकून द्या. खाली बसलेल्या पेशींपैकी २ मिलि घेऊन सलाइनने १०० मिलि करा. प्रत्येक नळीत हे १ मिलि घाला, हलकेच उलटीपालटी करा, ३७ अंशांवर ३० मिनिटं ठेवा. मग सेंट्रिफ्यूज, आणि वरच्या द्रवाचं ५४० नॅनोमीटरवर रीडिंग.

सोबत दोन नळ्या हव्यातच: एक नुसत्या सलाइनची, म्हणजे शून्य टक्के, आणि एक डिस्टिल्ड वॉटरची, म्हणजे शंभर टक्के. नमुन्याच्या रीडिंगमधून सलाइनचं रीडिंग वजा करा, डिस्टिल्ड वॉटरच्या रीडिंगमधूनही सलाइनचं वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागून शंभराने गुणा.

बिघडतं कुठे? सर्वांत मोठी चूक म्हणजे रिठा डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरळ करणं. सगळ्या नळ्या लालबुंद होतात आणि मुलं खूश होतात, पण पेशी नुसत्या पाण्याने फुटलेल्या असतात. दुसरी चूक, रिठ्याचा अर्क स्वतःच तपकिरी असतो हे विसरणं. म्हणून पेशींशिवाय नुसत्या अर्काची एक ब्लँक नळी प्रत्येक दाट पातळीला लावा, नाहीतर पहिल्या दोन-तीन नळ्यांचं उत्तर शंभराच्या वर जातं. तिसरी, नळ्या व्हॉर्टेक्सवर धरणं. फेस होतो आणि धक्क्यानेच पेशी फुटतात. आणि फार दाट अर्क घेतला तर सॅपोनिन साबणासारखंच वागतं, तेव्हा कोलेस्टेरॉलचा मुद्दा सिद्ध होत नाही. निष्कर्ष मधल्या नळ्यांवरून काढा.

मग खरी गंमत. पन्नास-साठ टक्के लायसिस (पेशी फुटणं) देणारी पातळी निवडा. थोडं कोलेस्टेरॉल कोमट इथेनॉलमध्ये विरघळवून त्या अर्कात थेंब-थेंब घाला, अर्धा तास ठेवा, गाळा आणि तोच प्रयोग पुन्हा करा. लायसिस झपाट्याने घसरतो, कारण सॅपोनिनचे हात पेशीला पोचायच्या आधीच भरलेले असतात. फक्त तेवढंच इथेनॉल घातलेली नळी शेजारी ठेवा, नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. स्ट्रेप्टोलायसिन ओ सुद्धा मोकळ्या कोलेस्टेरॉलने असंच निष्प्रभ होतं. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

आता प्लेटकडे परत. ब्लड अगारचा बेस साधारण लिटरला ४० ग्रॅम, पण डब्यावरचा आकडा वाचा, कंपनीगणिक फरक असतो. १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह, मग वॉटर बाथमध्ये ४५ ते ५० अंशांपर्यंत थंड. त्यात ५ टक्के, म्हणजे लिटरला ५० मिलि, निर्जंतुक डिफायब्रिनेटेड मेंढीचं रक्त. फ्लास्क गोल फिरवायचा, हलवायचा नाही. ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये १५ ते २० मिलि. बेस जास्त गरम असला की रक्त तपकिरी होतं आणि हेमोलिसिस दिसायचा प्रश्नच उरत नाही. जास्त थंड असला तर गाठी होतात. प्लेट जाड ओतली तर वरच्या पेशी फुटूनही खालच्या लाल थरामुळे झोन झाकला जातो. पातळ ओतली तर नसलेला झोनही दिसल्यासारखा वाटतो.

बेसमध्ये ग्लुकोज असता कामा नये. जंतू त्याचं आम्ल करतात, त्यात स्ट्रेप्टोकॉकसचं हेमोलिसिन दबतं आणि बीटा जंतू हिरवट दिसू लागतो. ब्लड बँकेतलं मुदत संपलेलं माणसाचं रक्त वापरायचा मोह लहान लॅबना होतोच, कारण ते फुकट मिळतं. टाळा. पिशवीत सायट्रेट आणि ग्लुकोज असतं, दात्याच्या रक्तात स्ट्रेप्टोलायसिन ओ विरुद्धची प्रतिद्रव्यं असू शकतात, कधी प्रतिजैविकंही, आणि हाताळणाऱ्याला संसर्गाचा धोका वेगळाच. देवनारच्या कत्तलखान्यातून बाटलीत आणलेल्या रक्ताचंही तेच: ते निर्जंतुक नसतं. रक्त जिवंत जनावराच्या मानेच्या शिरेतून, निर्जंतुक पद्धतीने, काचेचे मणी असलेल्या बाटलीत काढलेलं हवं. हे जमत नसेल तर तयार प्लेटा विकत घेणं स्वस्त पडतं.

मुंबईत जून ते सप्टेंबर आणखी एक उपद्रव. फ्रीजमधून काढलेल्या प्लेटच्या झाकणावर दहिवर जमतं आणि पृष्ठभागावर पाणी सुटतं. त्यावर स्ट्रीक केलं, म्हणजे लूपच्या तारेने जंतू पसरवले, की कॉलन्या पसरतात, झोन एकमेकांत मिसळतात, आणि एका कॉलनीचं हेमोलिसिस शेजारणीच्या नावावर जातं. प्लेटा उलट्या, झाकण किंचित तिरकं करून, ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये वीस मिनिटं वाळवा. पंख्याखाली उघड्या ठेवणं हा उपाय नव्हे, बुरशीला निमंत्रण आहे.

स्ट्रीक झाल्यावर लूपने अगारमध्ये दोन-तीन ठिकाणी तिरका छेद द्या. घाईत हा छेद सर्रास गाळला जातो, आणि त्यामागचं कारण पुन्हा टॉक्सिनच्याच स्वभावात आहे. पायोजिनिसकडे दोन हेमोलिसिनं असतात. स्ट्रेप्टोलायसिन एस लहान पेप्टाइड आहे, त्याला हवेचं वावडं नाही, पृष्ठभागावरचा झोन बहुधा त्याचाच. स्ट्रेप्टोलायसिन ओ ला मात्र ऑक्सिजन मानवत नाही. त्यातल्या सिस्टीनचं ऑक्सिडीकरण झालं की त्याचा जोर जातो. क्वचित एखादा स्ट्रेन (जंतूचा वाण) एस बनवतच नाही. तो पृष्ठभागावर साधा गॅमासारखा दिसतो आणि छेदाच्या खोलीत, जिथे हवा कमी पोचते, तिथे लख्ख झोन देतो. छेद दिला नसेल तर तो स्ट्रेन तुमच्या हातून निसटला. ३५ ते ३७ अंशांवर १८ ते २४ तास ठेवा. मेणबत्तीचा जार चालतो, त्यात कार्बन डायऑक्साइड ३ टक्क्यांच्या आसपास जमतो.

वाचताना उजेड प्लेटच्या मागून हवा. वरून पाहून हेमोलिसिस कधीही लिहू नये. झोन बारीक वाटला तर लूपने कॉलनी सरकवून खालचा भाग पाहा. लिस्टेरियाचा झोन पुष्कळदा कॉलनीच्या खालीच लपलेला असतो. बाय द वे, प्लेट नाकाशी नेऊन वास घ्यायची जुनी सवय सोडा.

आणि हिरवा रंग? न्यूमोकॉकसकडे न्यूमोलायसिन असतं, चांगलं सणसणीत भोक पाडणारं. त्यामुळे हिरवा झोन त्याचाच असं समजणं स्वाभाविक आहे, पण चूक. ती हिरवट छटा जंतूने हवेत तयार केलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे येते. त्याने हिमोग्लोबिनचं ऑक्सिडीकरण होतं. तोच जंतू हवेविना वाढवला तर हिरवेपणा जातो आणि झोन बीटासारखा दिसू शकतो. अल्फा हेमोलिसिस हा शब्दच त्यामुळे थोडा फसवा आहे.

भोक न पाडता पटल उद्ध्वस्त करणारी तिसरी जात म्हणजे विकरं. स्टॅफचं बीटा टॉक्सिन हे स्फिंगोमायलिनेज आहे. बाहेरच्या थरातल्या स्फिंगोमायलिनचं डोकं ते छाटतं आणि मागे सेरामाइड उरतं. मेंढीच्या पेशीत स्फिंगोमायलिन भरपूर, म्हणून परिणाम मोठा. तरी ३७ अंशांवर पटल कसंबसं तग धरतं आणि झोन मळकट, अर्धवट दिसतो. तीच प्लेट ४ अंशांवर फ्रीजमध्ये ठेवली की पटल थिजतं, सेरामाइडचे ठिगळ तग धरत नाहीत आणि झोन स्वच्छ होतो. गरम-गार हेमोलिसिस म्हणतात ते हेच. घोड्याच्या रक्ताच्या प्लेटवर हा प्रकार शोधत बसू नका.

या अर्धवट दुखावलेल्या पेशींवरच ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस ओळखायची कॅम्प टेस्ट उभी आहे. क्रिस्टी, ॲटकिन्स आणि मंच-पीटरसन यांनी १९४४ साली ती मांडली, त्यांच्याच आद्याक्षरांवरून नाव. ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकसचा कॅम्प घटक धडधाकट मेंढीच्या पेशीला फारसं काही करू शकत नाही, पण बीटा टॉक्सिनने सोललेल्या पेशीला तो सहज फोडतो. प्लेटच्या मधोमध बीटा टॉक्सिन देणाऱ्या स्टॅफची एकच सरळ रेघ ओढा, एटीसीसी २५९२३ हा प्रमाणित स्ट्रेन चालतो. त्याला काटकोनात तपासायच्या जंतूच्या रेघा ओढा आणि मधे २ ते ४ मिलिमीटर जागा सोडा. रेघा एकमेकींना भिडल्या तर टेस्ट वाया. प्रत्येक प्लेटवर एक खात्रीचा ग्रुप बी आणि एक ग्रुप ए हवा. साध्या हवेत, रात्रभर. मेणबत्तीच्या जारमध्ये किंवा हवेविना ठेवलंत तर काही ग्रुप ए सुद्धा पॉझिटिव्ह दिसतात, ही चूक फार होते. पॉझिटिव्ह म्हणजे दोन रेघा जवळ येतात तिथे बाणाच्या टोकासारखा स्वच्छ झोन. नुसता झोन थोडा रुंदावणं पॉझिटिव्ह नव्हे. आणि स्टॅफचा स्ट्रेन दर महिन्याला तपासा. पुन्हा पुन्हा उपसंवर्धन केलेला स्ट्रेन बीटा टॉक्सिन द्यायचं सोडून देऊ शकतो. मग प्लेटवरचे सगळेच निगेटिव्ह येतात आणि दोष बिचाऱ्या ग्रुप बीला लागतो.

परफ्रिन्जन्सचा दुहेरी झोन याच भाषेत वाचता येतो. आतला स्वच्छ झोन थीटा टॉक्सिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉलवाल्या परफ्रिन्गोलायसिनचा. बाहेरचा धूसर झोन अल्फा टॉक्सिनचा, म्हणजे फॉस्फोलायपेजचा.

आता राखून ठेवलेला कोलेस्टेरॉलचा मुद्दा. वाडिया, केईएम, शीव अशा रुग्णालयांच्या परिसरातल्या लहान लॅबमध्ये रोज येणारी टेस्ट म्हणजे एएसओ, स्ट्रेप्टोलायसिन ओ विरुद्धची प्रतिद्रव्यं. लॅटेक्स स्लाइडवर सीरमचा एक थेंब, रिएजंटचा एक थेंब, बरोबर २ मिनिटांनी वाचन. बहुतेक किटची मर्यादा मिलिलिटरला २०० आंतरराष्ट्रीय एकक. पॉझिटिव्ह आल्यास सीरम निम्मं विरळ केल्यावरही गुठळ्या दिसल्या तर ४००, चौपट विरळ केल्यावर दिसल्या तर ८००. रिएजंट फ्रीजमधून काढून आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, बाटली नीट हलवा. पंखा बंद करा. स्लाइडच्या कडा वाळल्या की कण दिसतात आणि निगेटिव्ह सीरम पॉझिटिव्ह वाटतं. दुधाळ सीरमवर उत्तर देऊ नका, उपाशीपोटी पुन्हा नमुना मागवा.

पण लहान मुलाला पायावर खरजेसारखे फोड होऊन गेलेत, आता लघवी लाल होतेय, चेहरा सुजलाय, आणि एएसओ नॉर्मल आलं, तर ‘स्ट्रेप्टोकॉकस नाही’ असं कळवू नका. घशातल्या संसर्गानंतर एएसओ चांगलं चढतं, त्वचेच्या संसर्गानंतर पुष्कळदा चढतच नाही. त्वचेतले मेद, त्यातलं कोलेस्टेरॉल, टॉक्सिनला जागच्या जागी धरून ठेवतात, रिठ्याच्या नळीत झालं तसंच, आणि शरीराला त्याची पुरेशी ओळखच पटत नाही. स्ट्रेप्टोलायसिन एस विरुद्ध तर प्रतिद्रव्यं बनतच नाहीत, त्यामुळे तो रस्ताही बंद. अशा वेळी डॉक्टरांना फोन करून अँटी-डीएनेज बी, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकसच्या डीएनेज बी या विकराविरुद्धच्या प्रतिद्रव्यांची टेस्ट, मागवायला सांगा. ते विकर पटलाच्या वाटेला जातच नाही, त्यामुळे कोलेस्टेरॉल त्याला अडवू शकत नाही.